मन्मथअप्पांचा मांजरपाटाचा पडदा

जगातली माणसं प्रोजेक्टर बघायला गेली की पडद्यासमोर बसतात. आमचे शेजारी मन्मथअप्पा पडद्यामागे जाऊन उभे राहतात. दुकानदार दिवे घालवतो, मशीन लावतो, निळा समुद्र, पोपट, बर्फाचे डोंगर असलं काहीबाही सुरू करतो आणि कौतुकानं वळून बघतो, तर गिऱ्हाईक जागेवर नाही. मग कापडाच्या पलीकडून आवाज येतो, "चालू द्या, चालू द्या. मी इकडं हाय."

कापडही अप्पांचंच. सहा फूट बाय चार फूट मांजरपाट, तीन वेळा धुऊन खळ काढलेलं, चारी कोपऱ्यांना सुतळी. ते नायलॉनच्या पिशवीतून निघतं आणि दुकानातल्या दोन रॅकच्या मध्ये बांधलं जातं. दुकानदाराकडचा चकचकीत पडदा पाठीमागून काळा असतो, म्हणून तो अप्पा हातही न लावता नापास करतात.

"काका, पिक्चर इकडून दिसतंय," नांदेडातला पहिला दुकानदार म्हणाला होता.

"इकडून तर कुणालाबी दिसतंय. मागून किती दिसतंय ते सांगा."

दुकानदार हुशार होता. "मग मागच्या बाजूचं सेटिंग आहे ना काका! हे बटण दाबलं की मागून बघणाऱ्याला सगळं सरळ दिसतं." त्यानं बटण दाबलं. अप्पा कापडामागून तरातरा बाहेर आले.

"सरळ काहून केलं? मला उलटंच पाहिजे."

दुकानदारानं माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. पुढच्या आठ दुकानांत मी या कामात चांगलाच तरबेज झालो.

मन्मथअप्पा बिराजदार मोजणी खात्यातून भूकरमापक म्हणून निवृत्त झाले, त्याला आता बारा वर्षं झाली. खातं सुटलं, पण मोजणी सुटली नाही. शर्टाच्या खिशात पेन नसेल एखाद वेळेस, टेप असतोच. त्यांचं एक पाऊल बरोबर अडीच फुटांचं आहे, असं ते म्हणतात, आणि ते खोटं ठरवायची आजवर कुणाची छाती झालेली नाही. आमच्या फाटकापासून दूध डेअरीपर्यंत चारशे बारा पावलं. डॉक्टरांनी "रोज तासभर चालत जा" म्हटलं, तर अप्पांनी विचारलं, "तासभर म्हंजे किती फूट?" आपण रस्ता सांगताना "इथंच, जरासं पुढं" म्हणालो की त्यांच्या चेहऱ्यावर दाढ ठणकल्यासारखी कळा येते.

"मोजल्याबिगर मानायचं न्हाई, सर." हे त्यांचं ब्रीदवाक्य. मी एका ज्युनिअर कॉलेजात इतिहास शिकवतो, म्हणून मी सर. आणि या ब्रीदवाक्याचा मला जुना राग आहे, कारण आमचा टीव्ही. मी तो सणाच्या सेलमध्ये दहा मिनिटांत घेतला. घरी आणल्यावर तो शोकेसच्या खणापेक्षा दोन बोटं मोठा निघाला. अप्पा बघायला आले, टेप लावला, आकडा मोठ्यानं वाचला आणि काही न बोलता गेले. बोलले असते तर मी भांडलो तरी असतो. तो टीव्ही आजही आमच्याकडे जेवणाच्या टेबलावर आहे आणि आम्ही खाली बसून जेवतो.

असा हा माणूस एका रविवारी सकाळी आमच्या ओट्यावर येऊन म्हणाला, "सर, मला घरात टॉकीज करायची हाय. प्रोजेक्टर घ्यायचा. पंधरा हजारांच्या वर एक रुपाया न्हाई. तुम्ही पंच म्हणून चला."

मला वाटलं, तासाभराचं काम आहे.

पहिल्या दुकानात खोक्यावर मोठ्या अक्षरांत बारा हजार लुमेन छापलेले होते. लुमेन म्हणजे उजेडाचं माप, एवढं मला वाटेत अप्पांनीच शिकवलं होतं.

"हे बारा हजार कुणी मोजले?" अप्पांनी विचारलं.

"कंपनीनं."

"म्हंजे शेत ज्याचं, मोजणीबी त्याचीच. वा!" मग त्यांनी पिशवीतून वर्तमानपत्र काढलं, प्रोजेक्टरपासून बारा फुटांवर धरलं आणि त्या उजेडात वाचायला लागले. मथळे वाचता आले, बातमी वाचता आली, छोट्या जाहिराती वाचता आल्या नाहीत. वहीत नोंद झाली, 'बातमीपर्यंत'.

दुसऱ्या खोक्यावर फोर के लिहिलेलं होतं. खोदून खोदून विचारल्यावर दुकानदारानं कबूल केलं की मशीनला फोर केची फाईल चालते, पण ते दाखवतं त्याच्या कितीतरी कमी, मूळची ताकद सातशे वीसचीच आहे. अप्पा खूश झाले. चोर सापडल्यावर फौजदार होतो तसे. "मग सातबाऱ्यावर सातशे वीसच लिवा की. बाकी तोंडी कारभार." तिसऱ्या मशीनमध्ये वाकडं ठेवलं तरी चित्र आपोआप सरळ होण्याची सोय होती. त्याचा अप्पांना मनस्वी संताप आला. "वाकडं ठिवलं तर वाकडं दिसू द्या ना. मी उठून सरळ ठिवतो की. माझे हात काय मोडलेत?"

मग पंख्याच्या आवाजाची परीक्षा. स्वस्तातल्या प्रोजेक्टरचा पंखा फार घोंघावतो, असं त्यांनी कुठंतरी वाचलं होतं. त्यासाठी मी दहा फुटांवर उभं राहून हळू आवाजात "चहा" म्हणायचं आणि अप्पांनी मशीनशेजारी उभं राहून ते ऐकायचं. मी "चहा" म्हटलं. अप्पांना ऐकू आलं नाही. मी पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा दुकानाचे मालक गल्ल्यावरून उठले आणि दोन कप चहा घेऊन आले. तो चहा पिताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अप्पांनी मात्र चव घेत घेत पंखा नापास केला.

पण हे सगळं पुढून. एखादं मशीन या सगळ्यातून तरलंच, तर ते शेवटी मांजरपाटाच्या मागे मरायचं. अप्पा कापडामागे जायचे, नाक कापडाला लागेल इतकं जवळ उभे राहायचे, मिनिटभर बघायचे आणि बाहेर येऊन वहीत लिहायचे, 'मागून फिके'. नऊ दुकानं झाली. नऊ वेळा 'मागून फिके'. दुकानदार सांगायचे, काका, मागून एवढा उजेड पाहिजे तर पन्नास हजारांच्या पुढं जावं लागेल. अप्पा कापडाची घडी घालायचे. नवव्या दुकानातून निघताना मात्र त्यांच्या हातून घडी नीट पडली नाही. दोन टोकं जुळेनात. मी पहिल्यांदाच अप्पांना काहीतरी अदमासे करताना बघितलं.

दुसऱ्या दिवशी मी काकूंना विचारलं. काकू म्हणजे अप्पांची बायको. चाळीस-पंचेचाळीस वर्षं या मोजणीत संसार करून त्यांची विनोदबुद्धी शाबूत आहे, यातच सगळं आलं.

"सिनेमा त्यांना कुठं बघायचाय, सर!" काकू मेथी निवडत म्हणाल्या. "अण्णा भावजींना बोलवायचंय. लातूरला राहतात ना थोरले. पुढच्या महिन्यात पंच्याहत्तरी हाय त्यांची. तीन वर्षं झाली, आमच्या घरात पाऊल न्हाई टाकलं त्यांनी."

"का?"

"नोटीस!" काकू म्हणाल्या आणि हसल्या, पण ते हसणं पुरतं टिकलं नाही.

झालं होतं असं. नांदेडहून लातूरला जाताना लोह्याच्या अलीकडे या दोघा भावांचं गाव आहे. वडिलांनी शेत दोघांना अर्धं अर्धं दिलेलं, मध्ये बांध. चाळीस वर्षं कुणी त्या बांधाकडे बघितलं नव्हतं. अप्पांना निवृत्तीनंतर वाटलं, आयुष्यभर दुनियेची शेतं मोजली, घरचंच राहिलं. अण्णा म्हणाले, आपल्यात काय मोजायचं? अप्पा म्हणाले, मोजल्याबिगर मानायचं न्हाई. आणि मोजणीचा नियम असा की शेजारच्या शेताच्या मालकाला, म्हणजे लगतधारकाला, आधी नोटीस द्यायची. तेव्हा अप्पांनी सख्ख्या थोरल्या भावाला रजिस्टर पोस्टानं, पोचपावतीसह, नोटीस पाठवली. 'लगतधारक बसवंत शिवलिंग बिराजदार यांनी सकाळी अकरा वाजता मोक्यावर हजर राहावे. गैरहजर राहिल्यास आपली काही हरकत नाही असे समजण्यात येईल.'

"अण्णा आले," काकू म्हणाल्या. "अकराला बराबर. सही केली. मोजणी झाली. अन् चूक कुणाची निघाली? यांचीच! दोन फूट आम्हीच अण्णांच्या वावरात घुसलेलो. यांनी उन्हात उभं राहून बांध सरकवला, दगड रोवले. अण्णांना दोन फूट जमीन मिळाली, अन् रुसले बी अण्णाच. जाताना पाणीसुदीक घेतलं न्हाई. म्हणाले, मला वाटलं मी भाऊ हाय, तू तर मला लगतधारक करून टाकलं."

मेथीची जुडी संपली होती, तरी काकू काड्या मोडत राहिल्या. "यांना अजून कळत न्हाई काय चुकलं ते. म्हणतात, मोजणी तर बराबर होती. पण रात्री झोपत बी न्हाईत. अन् हे पडद्यामागचं काय खूळ हाय ते मलाबी सांगत न्हाईत. एवढंच म्हणतात, अण्णा आला तर यानंच येईल."

मग मी प्रोजेक्टरची चेष्टा थोडी कमी केली. बंद नाही केली. माणसाचा स्वभाव असा एकदम जात नाही.

लातूरच्या गंजगोलाईजवळ एक मोठं दुकान आहे आणि तिथे अजून तीन मशीन बघण्यासारखी आहेत, असं कळल्यावर अप्पा म्हणाले, चला. आम्ही सकाळच्या एसटीनं निघालो. पिशवीत मांजरपाट, वर्तमानपत्र, वही, टेप. वाटेत अप्पांनी प्रत्येक मैलाच्या दगडाशी आपलं घड्याळ ताडून बघितलं. फक्त लोह्याच्या अलीकडे त्यांच्या गावाचा फाटा आला, तेव्हा ते दुसऱ्या बाजूच्या खिडकीतून बघायला लागले. तिकडे बघण्यासारखं एक वीटभट्टीशिवाय काही नव्हतं.

लातूरच्या दुकानात सगळं यथासांग झालं. वर्तमानपत्र, चहा (इथे मात्र खरा चहा मिळाला नाही), सातबारा. तिघांपैकी एक मशीन सगळ्यात पास झालं, अगदी पंख्यातसुद्धा. साडेचौदा हजारांचं. मग मांजरपाट बांधलं आणि अप्पा मागे गेले. मी मनातल्या मनात आमच्या कुलदैवताला नारळ बोललो.

 मग अप्पा बाहेर आले. वही काढली नाही.

"फिकं हाय," ते म्हणाले. "तोंड वळखू येत न्हाई माणसाचं."

रस्त्यावर आलो. मला वाटलं, आता स्टँड. पण अप्पा उलट दिशेनं चालायला लागले आणि दोन-तीन गल्ल्या ओलांडून एका लिंबाखाली थांबले. समोर हिरव्या फाटकाचं बैठं घर.

"अण्णाचं," ते म्हणाले. "तुम्ही जाऊन बघून या, सर. तब्येत कशी हाय तेवढं."

"तुम्हीच चला ना."

"बोलावल्याबिगर कसं जावं? एकशे दहा पावलं हाय हितून. तुम्ही या जाऊन. मी उभा हाय."

मी गेलो. एकशे दहा पावलं मी मोजली नाहीत, पण मोजावीशी वाटली हे कबूल करतो. दार अण्णांनीच उघडलं. तेच नाक, तेच कान, फक्त केस जास्त पांढरे आणि आवाज प्राथमिक शाळेत पस्तीस वर्षं मुलांना ओरडून घट्ट झालेला. मी नाव सांगितलं, नांदेडचा, मन्मथअप्पांचा शेजारी म्हणालो.

"नोटीस आणली का?" अण्णांनी विचारलं.

"नाही."

"मग बसा."

पाणी दिलं. मी इकडचं तिकडचं बोललो. काय सांगावं ते सुचेना, म्हणून शेवटी जे खरं होतं तेच सांगून टाकलं. म्हटलं, अप्पा महिनाभर प्रोजेक्टर शोधतायत. बारा मशीन बघितली. सगळीकडे एक मांजरपाट बांधतात आणि त्याच्या मागे जाऊन उभे राहतात.

अण्णांच्या हातातला तांब्या तसाच राहिला. "मागं?"

"मागे. दुकानदार सरळ करून देतो म्हणतात, तर यांना उलटंच पाहिजे."

अण्णा उठून खिडकीपाशी गेले. पाठमोरेच म्हणाले, "माळेगावच्या जत्रेत तंबू लागायचा सिनेमाचा. पडदा मधोमध. पुढून बघायचं तर पुरं तिकीट, मागून अर्धं. बाप आम्हाला दोघांत मिळून एका पुऱ्या तिकिटाचे पैसे द्यायचा. मग आम्ही दोन अर्धे मागं. समदं उलटं. तलवार डाव्या हातात, सुरुवातीच्या नावांच्या पाट्या उलट्या. हा लई लहान, आठ वर्षांचा. सारखा विचारायचा, अण्णा, काय लिवलंय? अण्णा, ते काय लिवलंय? मी वाचून दाखवायचो."

"उलटं वाचता यायचं तुम्हाला?"

अण्णा वळले. पहिल्यांदाच हसले. "मला कुठलं यायचं, सर! झरझर जायच्या त्या पाट्या. मी आपला मनानंच ठोकून द्यायचो. नावं, गावं, काहीबी. त्याला समदं खरं वाटायचं. आजवर म्हाईत न्हाई त्याला. सांगू नका."

मग हातातला तांब्या खिडकीत ठेवला.  बाहेर कुणाची तरी स्कूटर सुरू होत नव्हती.

"मिळालं का मशीन?" त्यांनी विचारलं.

"मागून फिकं दिसतं सगळ्यांत. आज शेवटचंही नापास झालं."

"दिसंलच की फिकं. कोरड्या कापडातून काय दिसणार, डोंबल!" अण्णा एकदम मास्तरांच्या आवाजात म्हणाले. "तंबूवाले खेळ सुरू व्हायच्या आधी पडद्यावर पाणी मारायचे. बादलीनं. ओलं कापड असलं की उजेड आरपार येतोय. इसरला का तो? म्हणावं, पाणी मार आधी." खिडकीतून त्यांनी लिंबाकडे बघितलं. "तोच हाय ना तो?"

"बोलावू का?"

"राहू द्या उभा जरा. मी तीन वर्षं हाय उभा." मग आत जाऊन फडक्यात बांधलेले चार धपाटे घेऊन आले. "हे द्या त्याला. सकाळचं काही खाल्लं नसंल. मी दिले म्हणू नका. अन् अजून एक. नोटीस आली तर मी यायचा न्हाई."

मी लिंबाखाली आलो. अप्पांनी तब्येत विचारली नाही, धपाटे विचारले नाहीत. माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मी म्हटलं, "पडद्यावर पाणी मारा म्हणाले."

अप्पांनी कपाळावर हात मारून घेतला. इतक्या जोरात, की लिंबावरचे दोन कावळे उडाले. "पाणी! आरं देवा. बादली असायची की हो, तांबड्या रंगाची! पाणीच इसरलो मी." आणि सत्तर वर्षांचा तो माणूस भर रस्त्यात अडीच फुटांची पावलं विसरून गंजगोलाईकडे अक्षरशः पळत सुटला. दुकानदारानं आम्हाला परत आलेलं बघितलं तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे दिसलं ते मी इथे लिहीत नाही. अप्पांनी त्याच्याकडून बाटलीभर पाणी मागून घेतलं, मांजरपाट भिजवलं, बांधलं आणि मागे गेले.

"तोंड वळखू येतंय!" मागून आवाज आला. "बांधा मशीन!"

घरी आल्यावर बोलावण्याचा प्रश्न आला. अप्पा सवयीनं कागद-पेन घेऊन बसले, तेव्हा काकूंनी पेन काढून घेतलं. मग फोन लावला. मी शेजारीच होतो. अप्पांनी घसा खाकरला, उठून उभे राहिले आणि म्हणाले, "अण्णा, पाणी मारून बघितलं. बराबर दिसून राहिलंय." पलीकडून एकदोन शब्द.  "हाव," म्हणून अप्पांनी फोन ठेवला.

"काय म्हणाले?" काकू.

"ऐतवारी येतो म्हणला." आणि अप्पा टेप घेऊन गच्चीवर निघून गेले.

नोटीस लिहायची हौस त्यांनी गल्लीवर भागवून घेतली. आमच्या दारातसुद्धा कागद आला. 'गच्चीचे लगतधारक यांनी सहकुटुंब हजर राहावे. सोबत आपापली खुर्ची आणावी. गैरहजर राहिल्यास आपली काही हरकत नाही असे समजण्यात येईल.' हरकत कुणाचीच नव्हती. फुकटचा सिनेमा.

रविवारी अण्णा एसटीनं आले. एकटेच, हातात छत्री. काकूंनी पंच्याहत्तर दिव्यांनी ओवाळलं. वात विझली की अप्पा लावत होते आणि मोजत होते. दोघे भाऊ एकमेकांशी काही बोलले नाहीत. जेवताना अण्णांनी पाणी मागितलं आणि घेतलं. काकू लगबगीनं आत गेल्या. पाण्याचा तांब्या तर इथेच होता. त्या आत का गेल्या ते मला कळलं, माझेही डोळे चुरचुरत होते.

दिवेलागणीला आम्ही सगळे गच्चीवर. दोन बांबूंना नवं मोठं मांजरपाट. पुढे गल्लीच्या खुर्च्या. अप्पा वर्तमानपत्र घेऊन उभे होते, मथळा वाचता येईनासा झाला की खेळ सुरू. माझ्याकडे पाण्याचं काम, कुंड्यांना मारतात तो फवारा घेऊन मी पडद्याच्या कडेला. त्यामुळे मला दोन्ही बाजू दिसत होत्या.

मागच्या बाजूला एकच सतरंजी होती. पडद्यापासून नऊ फुटांवर, खडूनं आखलेल्या चौकोनात बरोबर बसवलेली. अण्णा आले, चौकोनाकडे बघितलं, अप्पांकडे बघितलं. मग वाकून सतरंजीचं टोक धरलं आणि ती ओढत ओढत पार पडद्यापाशी नेली.

"एवढ्या लांबून कुठं बसायचो आपण? खेटून बसायचो."

 अप्पांनी खडूच्या रेघांकडे बघितलं, पायानं त्या पुसल्या आणि जाऊन अण्णांशेजारी बसले. गुडघ्याला गुडघा.

जुना काळा-पांढरा सिनेमा होता. पाट्या सुरू झाल्या. मागच्या बाजूनं अर्थातच उलट्या. मी फवारा मारत होतो, आणि पडद्यामागून बारीक आवाज आला.

"अण्णा, काय लिवलंय?"

 मग मास्तरांचा तो घट्ट आवाज, एकेक नाव सावकाश, खणखणीत. मी पुढून पाट्या वाचत होतो. अण्णा जे वाचत होते त्यातला एक शब्दही पडद्यावर नव्हता. संगीत देणाऱ्याच्या जागी त्यांनी त्यांच्या शाळेच्या शिपायाचं नाव घातलं असावं, असा माझा अंदाज आहे.

"असंच लिवलंय?" अप्पांनी विचारलं.

"हाव."

"मग बराबर हाय."

अण्णा चार दिवस राहिले. पाचव्या दिवशी आम्ही त्यांना स्टँडवर सोडलं. गाडी सुटली, धूळ खाली बसली, तरी अप्पा तिथेच. मला राहवेना. इतिहास शिकवणाऱ्याला एवढा मोठा पुरावा पोटात ठेवणं जड जातं. मी म्हटलं, "अप्पा, अण्णा पाट्या काय वाचत होते, ते तुम्ही एकदा पुढे येऊन ताडून नाही बघितलंत? चार पावलं होती फक्त. मोजल्याबिगर मानायचं नाही ना?"

अप्पांनी खिशातला टेप काढला, उगीच थोडा ओढला, सोडला. तो सर्रकन आत गेला.

"बघितलंय की, सर. दुसऱ्याच वर्षी. जत्रेत तोच सिनेमा दुसऱ्यांदा लागला, अन् अण्णा भेळ आणायला गेला तवा पडद्याच्या कडंनं मुंडकं काढून पुढून बघितलं. एक अक्षर बराबर नव्हतं."

"मग?"

"मग काय. परत मागं येऊन बसलो. अण्णा आला, त्याला म्हणलं, अण्णा, काय लिवलंय?" अप्पा गाडी गेली त्या दिशेला बघत होते. "नऊ वर्षांचा होतो, सर. तवा मला अक्कल होती."